पक्ष कोणाचा आणि शाळा कोणाची?

नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि डिअरबॉर्न हे मिशिगन राज्यातल्या एका गावाचे नाव आमच्या मोहल्ल्यांतून एकाएकी सर्वतोमुखी झाले. अरब मुसलमानांची मोठी वस्ती असलेल्या या गावात ट्रम्प यांना सुमारे 42 टक्के, कमला हॅरिस यांना 36 टक्के आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 18 टक्के मते पडली. चारच वर्षांपूर्वी याच गावाने दोनतृतीयांशाहून अधिक मते बायडन यांच्या पदरात टाकली होती. ‘बघा, तिथल्या मुसलमानांनी डेमोक्रॅटांना कसा धडा शिकवला!’ असे छाती फुगवून सांगणारे आम्हाला भेटले, आणि ‘बघा, कसा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!’ असे कपाळावर हात मारून सांगणारेही भेटले. आम्हाला दोघांचेही म्हणणे पटत नाही, आणि का पटत नाही हे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

गाझातल्या लेकरांचे मुडदे रोज टीव्हीवर पाहणाऱ्या माणसाने त्या युद्धाला शस्त्रे पुरवणाऱ्या सरकारला मत का द्यावे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार डिअरबॉर्नच्या मतदाराला पुरेपूर होता. फेब्रुवारी 2024 च्या प्राथमिक निवडणुकीत मिशिगनच्या एक लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी ‘कोणालाच बांधील नाही’ असे मत नोंदवून तो विचारला होता. पक्षाने त्याकडे कानाडोळा केला. ‘हे जातात कुठे? आपल्याच खिशात आहेत,’ ही जी पुढारीपणाची मिजास असते तिची फळे पक्षाने भोगली, यात आम्हाला काडीचे दुःख नाही. आमचे भांडण त्यापुढच्या गोष्टीशी आहे. एका पक्षावर रुसलेला समाज दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचा झेंडा मशिदीच्या अंगणात आणतो, पक्ष म्हणजे जणू सोयरीक, एक मोडली की दुसरी जुळवायची, या समजुतीशी आहे. आणि सारी नजर व्हाइट हाऊसवर लावून बसताना आपल्या गल्लीतली शाळा कोणाच्या हाती आहे हे न पाहण्याशी आहे.

अमेरिकेतल्या पक्षांचा इतिहास पाहिला तर ही सोयरीक किती पोकळ आहे ते कळते. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण सारे जाणतोच. त्याच साली, तो ग्रंथ निघण्याच्या थोडे आधी, 13 एप्रिलला ईस्टरच्या दिवशी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी काय घडले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तिथल्या कचेरीच्या इमारतीत राखण करीत बसलेल्या काळ्या लोकांची गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कत्तल केली. कित्येकांना शरण आल्यावर मारले. मेलेल्यांचा आकडा कोणी साठ सांगतो, कोणी दीडशे. भांडण वॉशिंग्टनच्या गादीचे नव्हते. परगण्याचा न्यायाधीश कोण आणि शेरीफ कोण, एवढ्याचे होते. मारणारे डेमोक्रॅट पक्षाचे पाठीराखे होते, मरणारे रिपब्लिकन पक्षाचे. मारेकऱ्यांपैकी जे दोषी ठरले त्यांची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयाने 1876 मध्ये उडवून लावली. जोतीरावांनी ज्यांना ग्रंथ अर्पण केला ते सदाचारी लोक होते, नव्हते असे नाही. पण गावची कचेरी ज्याच्या ताब्यात, त्याच्यापुढे वॉशिंग्टनच्या कायद्याचे काय झाले, हे कोलफॅक्सने दाखवले.

पुढे ऐंशी वर्षांनी शाळांचा प्रश्न आला. 1954 मध्ये ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल देणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन हे कॅलिफोर्नियाचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर, त्यांना नेमणारे आयसेनहॉवर रिपब्लिकन, आणि 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पोचवायला लष्कर धाडणारेही तेच. उलट 1956 मध्ये या निकालाविरुद्ध जो ‘दक्षिणेचा जाहीरनामा’ निघाला त्यावर काँग्रेसच्या 101 सदस्यांच्या सह्या होत्या. त्यांतले 99 डेमोक्रॅट होते!

आजकाल रिपब्लिकन वक्ते हीच गोष्ट पुढे करतात. आम्ही लिंकनचा पक्ष, कू क्लक्स क्लान तुमचा, असे म्हणतात. यातले अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पूर्ण खोट्याहून वाईट असते. 1964 चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी आणला. रिपब्लिकन खासदारांनीही त्याला मोठ्या प्रमाणात मते दिली, पण त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिले. त्या निवडणुकीत ते दाणादाण हरले, तरी दक्षिणेची पाच राज्ये त्यांना मिळाली. साऊथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड, वंशभेदाचे कट्टर कैवारी, त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकन झाले. मग निक्सन आले आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ या सभ्य शब्दांत दक्षिणेच्या गोऱ्या मतांची मोट बांधली गेली. दुकानांच्या पाट्या जुन्याच राहिल्या, आतला माल बदलला. पाटी वाचून खरेदी करणाऱ्याने मग तक्रार कोणाकडे करायची?

पण या अदलाबदलीहूनही आम्हाला महत्त्वाची वाटते ती व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची हकीकत. काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका समजा. तिथल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांची मोटन हायस्कूल नावाची शाळा होती. इमारत 180 मुलांची, मुले साडेचारशेच्या वर. जादा मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी झोपड्या उभ्या केल्या होत्या. 23 एप्रिल 1951 रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने साऱ्या शाळेला घेऊन संप केला. ब्राऊन खटल्यात जे पाच दावे एकत्र चालवले गेले त्यांतला एक या पोरींपोरांच्या संपातून निघालेला आहे. एका शाळकरी मुलीने जे केले ते करायला तिथल्या थोरामोठ्यांचा जीव झाला नव्हता, हे आमच्या जमातीच्या पंचांनी जरूर ध्यानात घ्यावे.

निकाल तर लागला. त्यावर व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर हॅरी बर्ड यांनी ‘सर्वंकष प्रतिकारा’ची हाक दिली, आणि 1959 मध्ये प्रिन्स एडवर्डच्या सुपरवायझरांच्या मंडळाने, म्हणजे गावच्या मतांवर निवडून आलेल्या मूठभर माणसांनी, शाळांसाठी कर बसवायचेच नाकारले. कर नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर शाळा नाही. काउंटीतल्या साऱ्या सरकारी शाळांना कुलपे! गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी लागलीच निघाली, आणि काही काळ सरकारी अनुदान व करसवलतही तिच्या मदतीला धावली. काळी मुले, सतराशेच्या आसपास, रस्त्यावर. काहींना परराज्यातल्या नातेवाइकांकडे धाडले, काही चर्चच्या तळघरात बसून अक्षरे गिरवत राहिली, पुष्कळांचे शिक्षण कायमचे सुटले. 1963 मध्ये देणग्यांवर तात्पुरत्या शाळा निघाल्या आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिल्यावर सरकारी शाळांची कुलपे निघाली. पाच वर्षे! 2004 मध्ये व्हर्जिनियाने या हुकलेल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली तेव्हा ती ‘मुले’ पन्नाशी-साठीला आलेली होती.

या हकिकतीत अध्यक्ष कुठे आहे? कुठेच नाही. अध्यक्ष रिपब्लिकन होता, मग डेमोक्रॅट आला, आणि शाळा बंदच होत्या. मंडळाच्या बैठकीत हात वर करणाऱ्या चार माणसांनी हे केले. तिथल्या काळ्या आईबापांना मत देणे सोपे नव्हते. व्हर्जिनियात त्या वेळी मतदानासाठी वेगळा कर भरावा लागे. आज तसा कर नाही, तरी गावच्या निवडणुकांत शेकडा वीस-पंचवीस लोकही बाहेर पडत नाहीत अशी ठिकाणे अमेरिकेत पुष्कळ आहेत.

उत्तरेचे लोक दक्षिणेकडे बोट दाखवून स्वतः फार उदार म्हणवीत. त्यांची परीक्षा डेट्रॉईटला झाली. तिथे कायद्याने वेगळ्या शाळा नव्हत्या. काळे शहरात आणि गोरे उपनगरात, अशी घरांचीच वाटणी झाली होती. अमेरिकेत शाळेचा बराचसा पैसा त्या त्या भागाच्या घरपट्टीतून येतो. घर महाग तर शाळा श्रीमंत, आणि शाळा चांगली म्हणून घर आणखी महाग. 1972 मध्ये न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी हुकूम दिला की डेट्रॉईट आणि भोवतालचे 53 शाळा-जिल्हे मिळून एकच योजना करा, मुलांना बसने इकडून तिकडे न्या. उपनगरांत एकच ओरड उठली. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामाचे वंशभेदी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी मिशिगनमध्ये डेमोक्रॅट पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली. डेमोक्रॅट पक्षाची, आणि उत्तरेत! दोन वर्षांनी, 1974 च्या मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हुकूम रद्द केला. पाचांतले चार निक्सन यांनी नेमलेले होते. उपनगराने स्वतः गुन्हा केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज शाळा-जिल्ह्याची वेस ओलांडता येणार नाही, असा निकाल झाला. थर्गूड मार्शल यांनी विरोधी मतपत्रात बजावले की अशाने प्रत्येक महानगराची दोन शहरे होतील, एक गोरे आणि एक काळे. तसेच झाले. बसच्या प्रश्नावर डेलावेअरच्या ज्या तरुण डेमोक्रॅट सिनेटरने त्या काळी विरोधाचा सूर लावला त्यांचे नाव जो बायडन. 2019 च्या वादसभेत कमला हॅरिस यांनी त्यांना यावरूनच खडसावले होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जोडीने त्या उभ्या राहिल्या. राजकारणाला स्मरणशक्ती कमीच असते.

आता आपले लोक या चित्रात कुठे येतात ते पाहू. 1942 मध्ये याच डेट्रॉईटच्या न्यायालयात अहमद हसन नावाच्या येमेनी माणसाने नागरिकत्व मागितले. न्यायाधीशांनी नाकारले, कारण अरब मुसलमान ‘गोरा’ नव्हे. हिंदुस्थानी भगतसिंग थिंद यांना 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हे ऐकवले होते. 1946 च्या कायद्याने हिंदुस्थानला वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला. शंभर! हे दार सताड उघडले ते ऑक्टोबर 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा आला काळ्यांच्या मताधिकाराच्या कायद्यामागोमाग दोनच महिन्यांनी, त्याच चळवळीच्या लाटेवर. सेल्माच्या पुलावर डोकी फुटली काळ्यांची. व्हिसा मिळाला हैदराबादच्या डॉक्टरला, लाहोरच्या इंजिनिअरला आणि मुंबईच्या रसायनशास्त्रज्ञाला. आमच्या कोकणातली माणसे आखातात, आफ्रिकेत अधिक गेली, अमेरिकेत थोडी. पण जी गेली ती याच दारातून गेली. आणि गेल्यावर यांतले बहुतेक राहायला कुठे गेले? ‘शाळा चांगल्या आहेत’ म्हणून उपनगरात. म्हणजे मिलिकेनच्या निकालाने जी वेस शाबूत राखली तिच्या आत.

त्यात त्यांचा गुन्हा नाही. मुलांसाठी चांगली शाळा कोण शोधत नाही? पण ‘आम्ही मेहनतीने वर आलो, काळ्यांनाच का जमत नाही?’ असे जे ऐकू येते ते ऐकून आमच्या अंगाची लाही होते. हेच वाक्य आमच्याबद्दल इथे कोणी उच्चारले की आम्ही सच्चर समितीचा अहवाल काढून दाखवतो. मग तिकडे गेल्यावर ते आमच्याच तोंडी कसे येते?

डिअरबॉर्नला हा हिशेब अधिक चांगला ठाऊक असायला हवा. तिथे 1942 पासून 1978 पर्यंत ऑर्व्हिल हबर्ड महापौर होते. काळ्यांना गावात राहू न देणे हाच त्यांचा जाहीर कार्यक्रम होता आणि छत्तीस वर्षे गाव त्यांना निवडून देत राहिले. काळे आत नाहीत, मग दुसरे कोण? गावाच्या दक्षिण टोकाला फोर्डच्या कारखान्याच्या धुराखाली राहणाऱ्या अरबांची वस्ती उठवून कारखान्यांना जागा देण्याचा घाट घालण्यात आला, आणि लोकांना कोर्टात जावे लागले. 1985 मध्ये मायकेल गिडो नावाच्या उमेदवाराने बागा आणि ‘अरबांचा प्रॉब्लेम’ यावर पत्रक काढले आणि महापौरपद मिळवले. हबर्डचा पुतळा नगरपालिकेच्या आवारातून 2015 मध्ये हलला आणि 2021 मध्ये अब्दुल्ला हमूद महापौरपदी निवडून आले. काळ्यांसाठी घडवलेली काठी आपल्या पाठीवर कशी येते, हे शिकायला या गावातल्या लोकांना ग्रंथ वाचण्याची गरज नाही.

तरीही ठेकेदारी सुटत नाही. ऑक्टोबर 2000 मध्ये काही मुस्लिम संघटनांच्या समन्वय समितीने जॉर्ज बुश यांना जाहीर पाठिंबा दिला. बुश यांनी वादसभेत अरबांविरुद्धच्या गुप्त पुराव्यांवर दोन शब्द काढले, तेवढ्यावर सौदा पटला. ज्या काळ्या मुसलमानांच्या पिढ्या त्या मातीत गेल्या, त्यांना कोणी धड विचारलेही नाही. वर्षभरात पॅट्रिअट कायदा आला. त्यावर सिनेटमध्ये 98 विरुद्ध 1 असे मतदान झाले. तो एकटा विरोधक विस्कॉन्सिनचा रसेल फाइनगोल्ड, एक यहुदी डेमोक्रॅट. बाकी दोन्ही पक्ष एका रांगेत! 2024 मध्ये हॅमट्रॅमक गावाचे महापौर आमेर गालिब यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आणि पुढे कुवेतच्या राजदूतपदासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. जून 2025 मध्ये ट्रम्प यांनी प्रवेशबंदीची यादी काढली तीत येमेन होता, गालिब यांचा स्वतःचा मुलूख. नेत्याला नेमणूक आणि मतदाराच्या आईला व्हिसाबंदी, हा भाव आम्हाला इथलाही ओळखीचा वाटतो.

मधल्या काळात शाळा पुन्हा रणांगण झाल्या. 2021 मध्ये व्हर्जिनियात ग्लेन यंगकिन यांनी पालकांच्या हक्काचा नारा देऊन, शाळेत वंशभेदाविषयी काय शिकवतात याचे भूत उभे करून गव्हर्नरपद जिंकले. 2022 मध्ये डिअरबॉर्नच्या शाळामंडळाच्या सभेत समलिंगी विषयाच्या पुस्तकांवरून मुसलमान पालकांनी गोंधळ घातला. मेरीलँडमध्ये मुसलमान आणि ख्रिस्ती पालक मिळून कोर्टात गेले, आणि जून 2025 मध्ये महमूद विरुद्ध टेलर खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकले. आपल्या मुलाला काय वाचून दाखवतात हे विचारण्याचा, त्याला त्या तासाला बाहेर बसवण्याचा हक्क पालकाला असावा की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात, आमच्यातही आहेत. परंतु सभेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसले आहे, ते पाहायला नको का? 2023 मध्ये फ्लोरिडाने काळ्यांच्या इतिहासाचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला तो याच लाटेत. ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हा शब्द व्हर्जिनियाने साठच्या दशकात वेगळ्या शाळा टिकवण्यासाठी वापरला होता. न्यू केंट काउंटीच्या खटल्यात 1968 मध्ये तो डाव मोडावा लागला. शब्द जुना म्हणून आजची प्रत्येक मागणी खोटी ठरत नाही, हे खरे. पण एका पुस्तकासाठी ज्यांच्याशी हात मिळवला, त्यांनी उद्या इस्लामवरचा धडा काढायला सांगितला तर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

याच व्हर्जिनियाने नोव्हेंबर 2025 मध्ये गझाला हाश्मी यांना लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडले. हैदराबादेत जन्मलेली ही बाई लहानपणी जॉर्जियात गेली, ती तिथल्या शाळा एक होत होत्या त्याच काळात. पुढे वर्षानुवर्षे कॉलेजात शिकवून मग राजकारणात आली. आमच्याकडे लगेच ‘पहिली मुस्लिम’ म्हणून मिठाई वाटली गेली. वाटा, हरकत नाही. पण हॅरी बर्डच्या राज्यात ती उभी राहू शकली, त्यात त्या संप करणाऱ्या शाळकरी मुलीचा वाटा किती, हे मिठाई खाताना कोणी विचारले नाही.

हॅमट्रॅमक डेट्रॉईटच्या पोटात वसलेले अठ्ठावीस हजार वस्तीचे गाव आहे. 2004 मध्ये तिथे भोंग्यावरील अजानीचा प्रश्न गावच्या मतदानाने सुटला, 2021 च्या निवडणुकीत महापौर आणि सारे नगरसेवक मुसलमान आले, 2023 मध्ये त्याच नगरपालिकेने समलिंगींचा झेंडा सरकारी खांबावर लावायला बंदी केली. हे सारे जगभर छापून आले. छापून फारसे न आलेली एक गोष्ट आहे. साठच्या दशकात याच गावच्या नगरपालिकेने शहरसुधारणेच्या नावाखाली काळ्यांच्या वस्त्या पाडल्या. 1971 मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला की हे जाणूनबुजून केले, उठवलेल्यांना घरे बांधून द्या. पक्ष बदलले, महापौर बदलले, गावात पोलिश जाऊन बांगलादेशी आणि येमेनी आले. सारी घरे बांधून व्हायला कित्येक दशके लागली. तोवर दावा लावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मरून गेले होते आणि किल्ल्या त्यांच्या मुलानातवंडांच्या हाती पडल्या.